फोटो काढायला शिकणं: काचेच्या प्लेटपासून वेल्ह्याच्या धुक्यापर्यंत

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. आकडे ऐकताना सुटतात असं काही जण म्हणाले होते, त्यांच्यासाठी खास.)

गेल्या भागानंतर आलेल्या निरोपांत एक भोरहून होता. नवा डिजिटल कॅमेरा घेतलाय, रविवारी कधी रोहिडा तर कधी राजगड होतो, पण फोटो काही डोळ्यांनी बघितल्यासारखे येत नाहीत, सुरुवात कुठून करू? आता आपला कार्यक्रम इतिहासाचा, कॅमेऱ्याच्या दुकानाचा नव्हे. पण कॅमेऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी खटपट आहे, आणि ती कळली की आकडा पाठ करावा लागत नाही. शिवाय भोर आणि वेल्हे हा मुलूख नवशिक्याची परीक्षा घ्यायलाच घडवल्यासारखा आहे. काळाकुट्ट दगड, पावसाळ्यात पांढरंफेक धुकं, मे महिन्यात डोळे दिपवणारं ऊन, आणि धरणांच्या पाण्याखाली गेलेली गावं. या शेवटच्या गोष्टीकडे मी मुद्दाम उशिरा येणार आहे.

(वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तसा निर्णय घेतला. पण गाव वेल्हेच आहे, आणि तोंडात बसलेलं नाव इतक्यात जात नाही. मी दोन्ही वापरीन.)

तर मुंबईपासून सुरुवात करू, कारण मराठी मुलखात फोटोग्राफी 'शिकवायला' तिथूनच सुरुवात झाली. डागेरनं पॅरिसमध्ये आपली पद्धत जगापुढे ठेवली १८३९ मध्ये. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली होती. लगेच पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. शिकवायला क्रॉफर्ड नावाचे साहेब होते. त्या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्यांत एक होते हरिश्चंद्र चिंतामण. त्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. आपल्याकडच्या अगदी पहिल्या पिढीतल्या व्यावसायिक छायाचित्रकारांत त्यांचं नाव घेतात. याच काळातले दुसरे नाव डॉ. नारायण दाजी. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू, घराणं मूळचं गोव्यातल्या मांद्र्याचं. ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकलेला हा माणूस सोसायटीत फोटोग्राफर म्हणून वावरत होता. डॉक्टर आणि फोटोग्राफर हे तेव्हा फारसं विचित्र नव्हतं, कारण फोटो ही निम्मी रसायनशास्त्राची भानगड होती.

म्हणजे नेमकं काय, ते बघा. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या प्लेटची पद्धत शोधली. काच घ्यायची, घासूनपुसून लख्ख करायची. तिच्यावर कलोडिअन नावाचा चिकट द्रव ओतून चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा, आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं दहाएक मिनिटांत. आपल्या उन्हाळ्यात तेवढीही सवड मिळायची नाही. बोटं काळी पडायची. त्यामुळे प्रवासावर निघालेले पुष्कळ जण मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह पसंत करायचे, ती आदल्या दिवशी तयार करून ठेवता यायची.

आता ही काच, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू घेऊन गुंजवण्याहून राजगड चढायचा विचार करा. पाठीवर ओझं घेणारी चार-पाच माणसं लागली असती. ही माणसं फोटोत कधी दिसत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि दिसायची तेव्हा कशी दिसायची? त्या काळातल्या मुंबईच्या अल्बमांत, उदाहरणार्थ विल्यम जॉन्सननं १८६० च्या दशकात काढलेल्या जातीजमातींच्या ग्रंथात, माणसं नमुना म्हणून उभी आहेत. खाली जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो. माणसाचं नाव बहुधा नसतं. संस्थानिक, वकील, शेटजी यांचे फोटो नावानिशी. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. राजवाड्यातल्या माणसाचा फोटो निघायला कारण होतं. हिरडस मावळातल्या किंवा वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा फोटो निघायला काही कारण नव्हतं. कॅमेरा होता शहरात, शिकवणारा शहरात, रसायनं शहरात. शिकायचं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहायचं.

हे दार पुढे थोडं थोडं उघडत गेलं. कोरड्या प्लेटा आल्या, १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात जे शिकून घेतलं त्यात फोटोग्राफी होती, आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओही चालवून पाहिला. सिनेमा काढण्याआधी त्यांनी केलेला एक प्रयोग मला नवशिक्यांना नेहमी सांगावासा वाटतो. कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिन्याभराहून जास्त काळ त्याची रोज एक एक चौकट घेत राहिले. पडद्यावर वाटाणा उगवून वर आला. 'अंकुराची वाढ'. पैसे घालणाऱ्यांना खात्री पटवायला केलेला तो खटाटोप होता, पण तंत्राच्या दृष्टीनं त्यात शिस्त एकच: जागा तीच, कॅमेरा हलवायचा नाही, रोज परत यायचं. ही शिस्त लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मग रोलचा जमाना. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना आग्फा क्लिक थ्री आठवत असेल. भारतात बनणारा साधा डबा कॅमेरा. ऊन आणि ढग एवढंच काय ते निवडायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा! तोरणा चढायचा, बुधला माची, झुंजार माची, मेंगाईचं देऊळ, सगळं बारात बसवायचं, आणि त्यातला एक शेवटी सगळ्यांचा मिळून. रोल धुवायला पुण्यात द्यायचा. फोटो हातात येईपर्यंत आपण कुठे उभे होतो, ऊन कुठून होतं, काही आठवत नसे. चूक कळायची, पण चुकीचं कारण हरवलेलं असायचं. मन लावून शिकणारे म्हणून वही ठेवायचे: फोटो क्रमांक सात, सकाळी नऊ, ढगाळ, छिद्र अमुक. आजच्या पोरांना हे विनोदी वाटेल. पण ही वही आज तुमच्या कॅमेऱ्यात आपोआप लिहिली जाते, ते पुढे येईलच.

(मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्र काढतो, विहिरीतून पाणी काढतो, तसाच. इंग्रज तो 'घेतो'. मला आपलं क्रियापद जास्त प्रामाणिक वाटतं, आतून काहीतरी बाहेर यावं लागतं त्यात.)

डिजिटलची गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये, बेल लॅब्जमध्ये. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची चकती कल्पिली, उजेडाचं विजेच्या भारात रूपांतर करणारी. २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण तिचा हातात धरायचा कॅमेरा केला तो १९७५ मध्ये, कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्रात शंभर गुणिले शंभर ठिपके, म्हणजे एकूण दहा हजार. चित्र साठवायचं कॅसेटच्या टेपवर, आणि एका चित्राला २३ सेकंद लागायचे. पहिला फोटो प्रयोगशाळेतल्या एका बाईंचा काढला. टीव्हीवर लावून बघतात तर काळे केस दिसतायत, मागचं पांढरं दिसतंय, आणि मधला चेहरा मात्र नुसता गोंधळ! काळं आलं, पांढरं आलं, मधलं गेलं. यंत्रातली ती जुळणीची चूक लगेच सुधारली. पण काळं, पांढरं आणि मधलं ही त्रयी काही नवशिक्याची पाठ सोडत नाही.

या चकतीला, ज्याला आपण आता सेन्सर म्हणतो, रंग कळत नाही बरं का. तिला फक्त कमी उजेड, जास्त उजेड कळतो. रंगांची युक्ती काढली कोडॅकच्याच ब्राइस बायरनं, १९७६ चं पेटंट आहे. प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक हिरव्यात सगळ्यात चांगला कळतो. जुलैमध्ये मढे घाटाकडे जाताना भाताच्या खाचरांत किती हिरवे दिसतात ते आठवा. बाकीचे रंग शेजारच्या ठिपक्यांवरून कॅमेरा हिशेबानं भरतो. तुमच्या फोनमध्येही बहुतेक हेच चालतं.

आता तीन आकडे. छिद्र, वेळ आणि आयएसओ. छिद्राचा आकडा उलटा का, हे सगळ्यांना छळतं: आकडा मोठा तर भोक लहान. तो भागाकार आहे म्हणून. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ म्हणजे ५० भागिले २, पंचवीस मिलिमीटरचं भोक. एफ ५ म्हणजे दहाचं. संपलं. लहान भोकानं पुढचं मागचं सगळं स्पष्ट येतं, मोठ्यानं मागचं धूसर होतं. आयएसओ म्हणजे पूर्वीच्या रोलच्या डब्यावर असायचा तोच एएसए. फरक इतकाच की पूर्वी तो अख्ख्या रोलसाठी ठरायचा, आता प्रत्येक फोटोला बदलता येतो. फार वाढवला की चित्रात खरखर दिसायला लागते.

वेळेचं, म्हणजे शटरचं, मला जरा गमतीचं वाटतं. ओल्या प्लेटांच्या काळात फोटोला काही सेकंद लागायचे, त्यामुळे वाहतं पाणी आपोआप दुधासारखं यायचं. तेव्हाच्या फोटोग्राफरला ती अडचण होती. आज मढे घाटातला लक्ष्मी धबधबा तसाच दुधाळ यावा म्हणून लोक भिंगापुढे काळी काच लावतात, तिपाई ठोकतात, अर्धा सेकंद शटर उघडं ठेवतात. अडचणीची हौस झाली. थेंब न् थेंब गोठवायचा असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवा. आणि शेवाळलेल्या कड्यावर तिपाई घेऊन मागे मागे सरकू नका, हे सांगायला इतिहास लागत नाही.

तिन्ही आकड्यांचा मेळ घालायला जुनी युक्ती आहे, रोलबरोबर येणाऱ्या चिठ्ठीवर असायची तशी. कडक ऊन असेल तर छिद्र एफ १६, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० तर सेकंदाचा शंभरावा भाग. एकदा कॅमेऱ्याचं स्वयंचलित सगळं बंद करून राजगडाच्या पद्मावती माचीवर दुपारी हे करून बघा. फोटो सुंदर येणार नाही, पण बरोबर येईल.

आता भोरच्या श्रोत्याच्या मूळ दुखण्याकडे. डोळ्यांनी बघितल्यासारखा का येत नाही? कारण कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाला एक समजूत शिकवलेली आहे: समोरचं सगळं मिसळलं तर मधला करडा रंग होतो. साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा. कोडॅक कंपनी असे करडे पुठ्ठे विकायची. सरासरी जगासाठी ही समजूत ठीक आहे. पण सह्याद्री सरासरी नाही. पावसाळ्यात संजीवनी माचीवर धुकं उतरलं की समोर सगळं पांढरं. मापकाला वाटतं, अरे, उजेड फार झाला! तो कमी करतो. फोटोत धुकं मळक्या करड्या रंगाचं येतं, वर भिजलेली तटबंदी काळी ठिक्कर. उलट बालेकिल्ल्याचा काळा कातळ चौकटभर घेतला तर मापकाला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो. बेसाल्ट राखेसारखा फिकट येतो, आणि कोपऱ्यातलं आभाळ जळून पांढरं.

म्हणून धुक्यात उजेड वाढवायचा, काळ्या दगडावर कमी करायचा. मनाला उलटं वाटतं, तरी करायचं. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते. धुक्याला अधिक एक किंवा दीड, कातळाला उणे एक. एक म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. फोनवर पडद्याला बोट लावलं की सूर्याची खूण येते, ती वरखाली सरकवायची. मला विचाराल तर डिजिटल फोटोग्राफीचा पहिला महिना नवशिक्यानं एवढ्याच एका गोष्टीवर घालवावा. भिंगं नंतर.

इथे रोलवर शिकलेल्या जुन्या मंडळींचा एक सल्ला मात्र डिजिटलला उलटा लागतो. निगेटिव्हवर सावलीसाठी उजेड मोजायचे, कारण सावलीत काहीच उतरलं नाही तर नंतर आणणार कुठून? उजळ भाग निगेटिव्ह सांभाळून घ्यायची. सेन्सरचं तसं नाही. ठिपका भरून वाहिला की त्यातलं सगळं गेलं, ते पांढरं परत येत नाही. सावलीतून मात्र पुष्कळ काही नंतर वर काढता येतं, विशेषतः रॉ फाइल ठेवली असेल तर. तेव्हा डिजिटलवर उजळ भाग वाचवा. कॅमेऱ्यात डोंगरासारखा आलेख दिसतो, हिस्टोग्राम. तो उजव्या भिंतीला चिकटून चिरडला जात नाही ना, एवढं बघा.

एवढं आलं की बाकीचं सरावानं येतं, आणि सराव फुकट आहे. बाराची मोजदाद संपली, धुलाईची वाट बघणं संपलं, चूक आणि तिचं कारण एकाच वेळी हातात. १८५५ च्या त्या वर्गाबाहेर ज्यांना उभंही राहता आलं नसतं त्यांच्या खिशात आज कॅमेरा आहे. आता मी मघाशी राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं. पुण्यातल्या पुराचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, पडलेले वाडे, चिखलातले रस्ते. आपण त्याला पुण्याचा पूर म्हणतो. पण पानशेत वेल्हे तालुक्यात. ते धरण बांधायला जी गावं उठवली, त्या गावांचे उठण्याआधीचे फोटो तुम्ही कधी पाहिलेत? देवळाचा पार, खळं, घराची पडवी? भाटघरचंही तेच. वेळवंडी नदीवरची आजची भिंत १९२८ ची, तेव्हाचं नाव लॉईड धरण. धरणांच्या भिंतींचे फोटो सापडतात, इंजिनिअरांना ते हवे होते. पाण्याखाली गेलेल्या उंबरठ्यांचे फार विरळा. ज्यांचा उंबरठा होता त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, आणि ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांना उंबरठ्याची गरज नव्हती.

आज हात आणि उंबरठा एकाच माणसाचे आहेत. पण आपण फोटोंचं करतो काय? व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि फोन बदलताना मूळचे पुसतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं हे माहीत असतं. त्यातली वहीही फाडून टाकतं, हे लक्षात येत नाही. मघाची ती वही: प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तारीख, वेळ, छिद्र, शटर, आयएसओ, आणि चालू ठेवलं असेल तर ठिकाण लिहिलेलं असतं. एक्झिफ म्हणतात तिला. साधा फोटो म्हणून पाठवला की ती जवळपास सगळी जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. सत्तर वर्षांनी कुणी बघेल तेव्हा 'अमुक गाव, तमुक वर्ष' हे त्याला त्या वहीनंच सांगायचं आहे. नाहीतर आपणही जॉन्सनच्या ग्रंथातल्या माणसांसारखे बिननावाचे नमुने.

राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, बारा किल्ल्यांमधला एक. त्याचे फोटो आता जगभरातले लोक काढतील. भोरच्या राजवाड्याला तर सिनेमावाल्यांचे कॅमेरे सवयीचेच झालेत. म्हणून भोरच्या आपल्या श्रोत्याला मी वेगळी जागा सुचवतो: भाटघरच्या पाणलोटातलं कांबरेश्वराचं देऊळ. वर्षातला बराचसा काळ ते पाण्याखाली असतं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. दरवर्षी त्याचे ढिगानं फोटो निघतात, सगळे वेगवेगळ्या जागांवरून, कुणाचा कुणाशी मेळ नाही. फाळक्यांच्या वाटाण्यासारखं करा. काठावरची एक जागा ठरवा, जी पाण्याखाली जात नाही, एखादा खडक, एखादं झाड. तिथूनच काढायचा, भिंग बदलायचं नाही, झूम हलवायचा नाही. पहिल्या वर्षीचा फोटो फोनवर उघडून चौकट जुळवून घ्यायची. दगड काळा, भेगाळलेला गाळ पांढुरका, म्हणजे मापक फसणारच. उणे अर्धा, अधिक अर्धा आणि मधला असे तीन काढा. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग गाव असं नाव द्या.

जाताना काठच्या गावातलं कुणी जाणतं माणूस मिळालं तर त्यांना बरोबर घ्या. फोटो दाखवून विचारा, इथे काय होतं, ही वाट कुणाच्या शेतात जायची, आणि ते सांगतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याच फोल्डरमध्ये टाका. दुपारी बारा ते तीन टाळा, सावली पायाखाली जाते आणि दगडावरचं काम सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत तिरपं ऊन मिळतं. आणि उशीर करू नका: पाऊस लागला की पाणी पुन्हा चढतं, जास्तीत जास्त दोनेक महिने हाताशी असतात.